पाणी खाली गेलं तो उन्हाळा

आमच्या घरात ऋतू बदलला की नाही ते आभाळाकडे बघून नाही, वाचनालयाच्या फळ्याकडे बघून ठरायचं. माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणायचे आणि सारं गाव भाऊ म्हणायचं, आमच्या नव्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल होते. ग्रंथपाल हा शब्द त्या खोलीच्या मानाने फारच मोठा होता. ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली पत्र्याची एक खोली, आत वाळवीच्या भीतीने भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली कपाटं, एक लांब बाक, आणि बाहेर दाराशेजारी काळा फळा. पुस्तकांची खोकी खर्डी स्टेशनावर उतरायची, तिथून दादा ती सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे. आल्या आल्या पुस्तकं उघडून हुंगायचे. मग दोन-तीन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत, आणि एका सकाळी फळा ओल्या फडक्याने पुसलेला दिसायचा. म्हणजे ऋतू बदलला.

फळ्यावर दोन मथळे असत. डाव्या बाजूला 'या ऋतूचं वाचन' आणि उजव्या बाजूला 'घरच्यांनी मिळून'. डावीकडे पुस्तकांची नावं. उजवीकडे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून करायचं काहीतरी. आखाडात लिहिलेलं असायचं, शेवळं, कुरडू, टाकळा, भारंगी, जी भाजी घरात येईल ती पोरांनी शिजवायच्या आधी हातात धरून ओळखावी, आणि ती कुठल्या बांधावर मिळते ते आजीला विचारावं. लावणी आवरून बेणणीही झाली, शेतातलं तण निघालं, की पळसाची पानं आणून पत्रावळी टाचायच्या. टाचताना एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. भात खळ्यावर आलं की शेकोटीभोवती गोष्टी. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेच्या आधी जनावरांवरची पुस्तकं बाकावर मांडलेली असत, आणि जत्रेहून आल्यावर प्रत्येक पोराने आपल्याला आवडलेला एक बैल आठवून काढायचा. वाचनालयाच्या भिंतीवर मग माघापर्यंत बैलच बैल असायचे. काहींना पाच पाय असायचे, दादा ते पण लावायचे.

दादांच्या मदतीला कमळताई होत्या. त्या डोंगरावरच्या वाडीतल्या. त्यांच्या घरची बोली आमच्याहून वेगळी होती, हसताना त्या पदर तोंडावर धरायच्या, आणि पुस्तकांची पेटी डोक्यावर घेऊन वाड्यावाड्यांतून फिरायच्या. फळ्यावर काय लिहायचं यावरून दोघांचा दर वेळी वाद व्हायचा. दादांना वाचन आधी हवं असायचं, कमळताई म्हणायच्या, "भाऊ, आमच्या वाडीत पुस्तक ठेवायला फळी नाय. पन ऐकायला मानसं हायत. आदी त्यांचं लिवा." शेवटी दादा त्यांचंच ऐकायचे.

फळ्यावर जे यायचं त्याची पहिली चाचणी आमच्या घरी व्हायची. त्यामुळे माझ्या लहानपणाला पळसाच्या पानांचा आणि रॉकेलच्या दिव्याचा वास आहे. तांदळाची भाकर, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं असं जे काही असेल ते दिवेलागणीला खाऊन झालं की दादा पुस्तक घेऊन बसायचे. आई चुलीपुढून हलायची नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरायची नाही, दादांनी घाईत ओळ गाळली की तिथूनच म्हणायची, "मधलं र्‍हायलं." मात्र ती ऐकायची आमच्याकडे पाठ करून. चुलीतला जाळ पुढे-मागे करत, मान खाली घालून. एकदाही मी तिला वाचणाऱ्या दादांच्या तोंडाकडे बघताना पाहिलं नाही. मला वाटायचं, तिला धुराची सवय आहे.

आता या वयात ते घर आठवताना आधी आठवतं ते दार. घराला मागचं दार होतं आणि ते धरणाकडे उघडायचं. तानशाचं धरण फार जुनं, आजोबांच्याही आधीचं. आमचं त्या मानाने अलीकडचं. त्याच्या फुगवट्यात आमचं जुनं गाव गेलं आणि माळावर हे नवं वसलं. मी नव्या गावातच जन्मले. जुन्या गावाला नाव होतं, पण ते आमच्या घरात घेतलं जात नसे. कुणी घेतलं तर आई उठून बाहेर जायची. पावसाळाभर, हिवाळाभर मागचं दार उघडं असायचं, त्यातून पाण्यावरून आलेला गार वारा घरभर फिरायचा. पण होळी झाली, पाणी मागे सरकू लागलं, तांबट पक्षी दिवसभर टुक टुक करायला लागला, की आई ते दार लावून घ्यायची आणि आतून त्याला पाटा टेकवून ठेवायची. बाहेर जायचं तर पुढून वळसा घालून जायचं. का, असं विचारायची सोय नव्हती.

आणखीही एक गोष्ट होती, ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. आई मला माझ्या लहानपणाच्या गोष्टी सांगायची आणि त्या मला आठवायच्या नाहीत. "तुला जांभळं लय आवडायची. जीभ निळी करून यायचीस." मला जांभळाने घसा धरतो, मी ती कधी खाल्लीच नाहीत. "तू पान्याला कदी घाबरली नायस, नदीत सोडली की माशावानी." मी घोट्याएवढ्या पाण्यातही पाय टाकायला रडायचे. "जात्यावर आपटलीस तवा कपाळाला केवडी खोक पडली व्हती, गो." हे ऐकल्यावर मी आरशासमोर जाऊन केस मागे धरून कपाळ बघायचे. डावीकडे, उजवीकडे, भुवईच्या वर. कपाळ कोरं. कुठे बारीकशी रेघसुद्धा नाही. मग मला वाटायचं की ती खोक भरून आली असणार, जांभळं मला आधी आवडत असणार, आणि माझ्यातलंच काहीतरी मला सोडून कुठेतरी गेलं असणार. पिठाच्या गिरणीवर एक म्हातारी बसायची. ती एकदा माझी हनुवटी धरून म्हणाली, "तीच गो ती, हुबेहूब." आईने माझा हात असा ओढला की पिशवीतलं पीठ सांडलं.

आणि हाक. माझं नाव सुजाता, घरात सुजी. आई परसात भांडी घासताना मधेच थांबायची आणि हाक मारायची, "सुजे!" मी धावत जाऊन म्हणायचे, "ओ आये." ती माझ्याकडे बघायची ते एखादं अनोळखी माणूस दारात उभं राहिल्यासारखं. मग म्हणायची, "काय नाय. जा, खेळ." मी परत जायचे. पण पाठीमागे राखेने तांब्या घासण्याचा आवाज बराच वेळ सुरू व्हायचा नाही.

मी बारा-तेरा वर्षांची असेन, त्या वर्षी पावसाळा लवकर संपला होता आणि चैत्रातच पाणी इतकं खाली गेलं की शाळेच्या गच्चीवरून जुनं गाव दिसायला लागलं. दिसायला लागलं म्हणजे काय, तर राखाडी चिखलाच्या विस्तारात सरळ रेघा दिसायला लागल्या. सरळ रेघ निसर्गात नसते, ती माणसाची असते. आम्ही पोरं गच्चीवर चढून त्या रेघा बघायचो आणि उगाचच हळू बोलायचो.

त्याच आठवड्यात दादांनी फळा पुसला. उजवीकडे लिहिलं: 'घरच्यांनी मिळून: पाणी खाली गेलं आहे. येत्या रविवारी सकाळी जुन्या गावात जाऊ. मोठ्यांनी आपलं घर पोरांना दाखवावं. पोरांनी विचारावं: दार कुठे होतं, चूल कुठे होती, कोण कुठे निजायचं.' डावीकडे मथळा लिहिला आणि खाली काहीच लिहिलं नाही. मी विचारलं, "दादा, पुस्तक?" ते खडूची बोटं पुसत म्हणाले, "या वेळी राहू दे."

कमळताई पेटी उतरवून फळा वाचत उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, वयनीला इचारलं व्हतं का?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती."

"मंग?"

दादांनी खडूचा तुकडा खिशात टाकला आणि ते आत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की कमळताईंना माहीत असलेलं काहीतरी मला माहीत नाही.

आईला फळ्यावरचं कळलं ते पाणवठ्यावर, दुसऱ्या बायांकडून. दुपारी ती भाकर थापत होती. दादा जेवायला बसले तेव्हा तिने तव्यावरून नजर न उचलता विचारलं, "कुनाला इचारून लिवलं तुमी?"

"गावाचं आहे ते. म्हातारी माणसं आहेत तोवर पोरांनी बघून घ्यावं."

"गावाचं."

"आपलंही."

आईने भाकर उलटली. ती फुगली, बाजूने वाफ निघाली. "तुमी जा. पोरीला न्यायची तर न्या. मी येनार नाय. आनि तिला कुटं नेनार, काय दाखवनार, ते आदीच ठरवून ठेवा."

दादांनी ताटातलं बोटांनी नुसतं चिवडलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाणी पिऊन उठले. आमच्या घरात भांडणं अशीच व्हायची. आवाज चढायचा नाही, फक्त ताटात अन्न राहायचं.

रविवारी उन्हं चढायच्या आधी निघालो. गावातली बहुतेक घरं आली होती, वाडीतलीही काही. दादा पुढे, मी त्यांच्या मागे, कमळताई पोरांचा घोळका सांभाळत. काठावरचं वाळलेलं गवत संपलं आणि चिखल सुरू झाला. त्याला हाताएवढ्या भेगा पडल्या होत्या, वरची पापडी पायाखाली वाजत मोडत होती, मधे मधे शिंपल्या चमकत होत्या. माशांचा आणि कुजक्या मुळ्यांचा वास. एका ठिकाणी चिंचेचं बूड उभं होतं, काळं, दगडासारखं गुळगुळीत. त्या बुडाशी आल्यावर मोठी माणसं आपोआप थांबली, आणि मग काहीही न बोलता पांगली. कुणी कुणाला वाट विचारली नाही. जो तो सरळ आपल्या जोत्याकडे गेला.

घरांची फक्त जोती उरली होती, गुडघाभर उंचीची. सुरुवातीला हसणं होतं. आमचे धर्माबाबा, सगळ्यांत म्हातारे, आपल्या जोत्यावर उभे राहून शेजारच्याला ओरडून सांगत होते की त्याची भिंत हातभर इकडे आलेली आहे, आता तरी बघून घे. शेजारचाही कमी नव्हता, तो पावलं टाकून मोजायला लागला. एक बाई जोत्यावर चढली, कोपऱ्यात उकिडवी बसली आणि हवेतच लाकूड चुलीत सारल्यासारखा हात केला. तिची सून हसायला लागली. पोरं एका घरातून दुसऱ्या घरात भिंतींतून आरपार पळत होती. म्हातारी माणसं त्यांना ओरडत होती, "दारातून ये, दारातून!"

दादांनी मला आमच्या जोत्यावर नेलं. ते कमी बोलत होते. "इथं दार. इथं तुझ्या आईचा हंडा. इथं जातं." मी फळ्यावरचे प्रश्न विचारत गेले, कारण ते विचारायचे असं फळ्यावर लिहिलं होतं. चूल कुठे होती. मग विचारलं, "कोण कुठं निजायचं?"

"मी इथं दाराजवळ. तुझी आई तिथं भिंतीला. आणि मधे..."

ते थांबले. त्यांचा हात हवेत तसाच राहिला, त्या दोन जागांमधल्या मोकळ्या दगडाकडे केलेला.

तेवढ्यात मला आई दिसली. ती आली होती. एकटी, डोक्यावर पदर घट्ट ओढून, लोकांपासून लांबून चालत. मी हात केला. ती आमच्याकडे वळली नाही. जोत्यांच्या रांगेच्या बाहेरून ती तशीच पुढे गेली, गाव संपतं तिथे थोडी चढण होती, त्या चढणीवर. तिथे घराची खूण नव्हती, काहीच नव्हतं, चिखलातून वर आलेली करवंदीची मेलेली झुडपं तेवढी. ती त्यांच्यातून वाट काढत गेली, एका जागी थांबली, खाली बसली आणि जमिनीवर हात ठेवला. जसा झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.

आणि तिने हाक मारली. "सुजे! ए सुजे! ऊठ गो. पानी गेलं."

"ओ आये!" मी ओरडले आणि पळत सुटले. मागून दादांनी माझं नाव घेतलं, पण मी थांबले नाही. चढण चढून तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा मला धाप लागली होती. "ओ, आये. आले ना."

आईने वर बघितलं. तेच ते अनोळखी बघणं. पण या वेळी तिने 'काय नाय' म्हटलं नाही.

"तू नाय," ती म्हणाली.

दादा मागून येऊन पोहोचले होते. ते खाली बसले, माझा हात धरून मलाही बसवलं. जमीन वरून तापलेली होती आणि भेगांतून गार हवा येत होती. दादांनीच सांगितलं. माझ्या आधी एक मुलगी होती. चार वर्षांची झाली आणि गोवराने गेली. गाव उठायच्या आदल्या हिवाळ्यात. लहान पोरांना जाळत नाहीत, पुरतात. तिला इथे ठेवलं.

"नाव काय तिचं?" मी विचारलं, जरी मला ते कळलं होतं.

आईने तळव्याखालची माती सारखी केली.

मग दादा आईकडे न बघता म्हणाले, "पाणी इथवर येणार नव्हतं. चुन्याची खूण होती, ती इथून खाली होती. नोटीस लावली होती, तीत तसं लिहिलेलं होतं. हिला वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवली. गाव उठताना ही हलेना, पोरीला टाकून येत नाही म्हणाली. मी पुन्हा वाचून दाखवली. दोनदा वाचली. मग उठली." त्यांनी करवंदीची एक काडी मोडली. "पहिल्याच पावसाळ्यात पाणी खुणेच्या वर गेलं."

आई जमिनीवरचा हात न काढता बोलली. इतक्या शांतपणे की मला ती रडत नाही याचीच भीती वाटली. "तुमी खोटं नव्हता वाचलं. लिवलेलं खोटं व्हतं. मला म्हाईत हाय ते. पन तुमी वाचायला बसलात का मला त्योच आवाज येतो. पानी येनार नाय, पानी येनार नाय."

दादांनी मान खाली घातली. मी माझ्या वडिलांना रडताना तेव्हाच बघितलं. आवाज नव्हता, नुसते खांदे.

त्यानंतर आई माझ्याशी बोलायला लागली. जांभळं तिला आवडायची, म्हणाली. जीभ निळी करून ती यायची. नदीत सोडली की माशावानी. जात्यावर आपटली ती ती. खोक इथे पडली होती, आणि आईने बोट माझ्या कपाळावर ठेवलं, डाव्या भुवईच्या वर, जिथे मी आरशात इतक्यांदा शोधलं होतं. एकेक गोष्ट ती सांगत होती आणि ती ती गोष्ट माझ्या अंगावरून उतरत होती. हलकं वाटायला हवं होतं. मला थंडी वाजली, त्या उन्हात. इतकी वर्षं माझ्यात राहत असलेलं कुणीतरी माझ्यासमोर उठून चाललं होतं आणि मला त्याची सवय झाली होती.

"मग मला तिचं नाव का दिलं?"

"पोर पान्याखाली गेली," आई म्हणाली. "नाव तरी कोरडं र्‍हावं."

थोड्या वेळाने मला जाणवलं की आम्ही एकटे नाही. जोत्यांवरच्या बाया वर येत होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. एक आली आणि आमच्यापासून काही अंतरावर बसली, जमिनीवर हात ठेवून. मग दुसरी, पार वरच्या बाजूला. मघाशी हवेतल्या चुलीत लाकूड सारणारी ती बाईही आली. तिची सून कडेवर पोर घेऊन खाली उभी राहिली, वर यावं की नाही ते न कळून. त्या चढणीवर किती घरांची पोरं होती, ते मला तेव्हा समजलं. पुरुष खालीच थांबले. धर्माबाबांचं मोजणं बंद पडलं. कमळताईंनी सगळ्या पोरांना चिंचेच्या बुडाशी गोळा केलं होतं आणि त्या कसलीतरी लांबलचक गोष्ट सांगत होत्या. वाऱ्यावर मधूनच तुटक शब्द आणि पोरांचा हसण्याचा आवाज वर येत होता. बाया तो ऐकत बसल्या होत्या. एकही हुंदका नव्हता. मला अजून वाटतं, कुणी मोठ्याने रडलं असतं तर ते सगळं सोपं झालं असतं.

उठायच्या आधी आईने मला विचारलं, "तुला गो काय आवडतं खायला?"

बारा-तेरा वर्षं तिच्या हातचं खाऊन माझ्यावर तिला ते सांगायची वेळ आली. "चिंच," मी म्हटलं. "मीठ लावलेली."

"चिंच," ती म्हणाली. पाठ करून ठेवल्यासारखं पुन्हा एकदा म्हणाली, "चिंच."

परतताना दादा पुढे गेले आणि आई माझ्याबरोबर मागे राहिली. काठावरच्या गवतात आल्यावर तिने पायांचा चिखल दगडाला पुसला आणि म्हणाली, "नाव तुझ्या अंगावरून काडून घेत नाय. शाळेत चालू दे. पन माझ्या तोंडी ते तिचंच र्‍हाईल. तुला मी बाय म्हनंन. चालंल?"

मी हो म्हटलं. त्या वयात दुसरं काय म्हणणार? आणि तिने तो शब्द शेवटपर्यंत पाळला. बाय, जेवलीस का. बाय, लवकर ये. माझ्या लग्नात, माझ्या मुलांच्या बारशात, दवाखान्यात शेवटचे दिवस मोजताना, बाय. सुजी म्हणून तिने मला पुन्हा कधी हाक मारली नाही. लोकांना ते लाडाचं वाटायचं. मला सुरुवातीला फार एकटं वाटायचं त्याने. आईच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकू न येणं ही काय गोष्ट असते ते मी कुणाला सांगू शकले नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढच्या रविवारी काही बाया पुन्हा तिकडे गेल्या. कुणी मेणबत्ती नेली, वाडीतल्या बायांनी हळदकुंकू आणि तांदूळ नेले. दादांनी त्यांना जा असंही लिहिलं नाही आणि जाऊ नका असंही नाही. डावीकडचा मथळा तसाच रिकामा राहिला, पहिला पाऊस त्यावरून वाहून गेला. मृगानंतर पाणी चढायला लागलं. आईने पाटा काढून मागचं दार उघडलं आणि चौकटीत उभी राहून ती चढण झाकली जाईपर्यंत रोज बघत राहिली. आम्ही तिच्याशी त्या वेळी बोलायचो नाही. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, आमच्या विहारात धम्मग्रंथ वाचतात; त्या वर्षी मात्र ते वाचन आमच्या ओसरीवर व्हावं असं तिनेच सुचवलं. दादा वाचायला बसले. आई चुलीपुढून उठून बाहेर आली, बायांच्या रांगेत बसली, आणि वाचणाऱ्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. दादांची जीभ दोन-तीनदा अडखळली. ती काही म्हणाली नाही.

दादांनंतर वाचनालय माझ्याकडे आलं. फळा मी बरीच वर्षं लिहिला. आता प्रणाली नावाची एक हुशार मुलगी ते चालवते. पत्र्याची खोली जाऊन सिमेंटची आली आहे आणि फळ्याऐवजी गावाचा मोबाईलवरचा ग्रुप आहे. मथळे तेच दोन. खर्डीहून फास्ट लोकल पकडून कामाला जाणारी आईबापं प्रवासात तो मेसेज वाचतात आणि रविवारी पोरांना घेऊन काय करायचं ते ठरवतात. यंदा पाणी पुन्हा फार खाली गेलं. प्रणालीने फोन केला, "मॅडम, उन्हाळ्याचं काय टाकू?" मी म्हटलं, "जुन्या गावात जाऊ या, असं टाक. पण आधी घरोघरी विचार."

गेलो. आता जोतीही खचली आहेत, चिंचेचं बूड नाही. ज्यांनी घरं दाखवायची ती माणसं संपली. दाखवणाऱ्यांत सगळ्यांत म्हातारी मीच, आणि मी तर त्या गावात एक दिवसही राहिलेली नाही. तरीही दार, हंडा, जातं मी दाखवलं, दादांनी दाखवलं त्याच क्रमाने. पोरं मोबाईलवर फोटो काढत होती. एक लहानशी मुलगी, दोन वेण्या घातलेली, माझ्यामागून चढणीवर आली. तिच्या आईने हाका मारल्या तरी ती परत गेली नाही.

"आजी, इथं कोनाचं घर?"

"घर नाय. इथं माझी बहीण आहे."

तिने आजूबाजूला बघितलं, पायाखाली बघितलं. मुलांना काही गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. थोडा विचार करून तिने विचारलं, "मोठी का छोटी?"

"मोठी. माझ्याहून मोठी."

"केवडी?"

मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिचा फोटो नव्हता, कुणी मला तिची उंची सांगितली नव्हती. पण माझा हात आपोआप खाली गेला, कमरेच्याही खाली, आणि एका जागी थांबला. तळव्याखाली ऊब लागत होती.

"एवढी," मी म्हटलं.